दोनदा पाठवलेला फोटो

तिला सगळे श्वासबाई म्हणतात. खरं नाव मस्टरवर आहे, पण तिथून ते कधी खाली उतरलं नाही. आमच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात ती सत्तावीस वर्षं फोटो काढतेय आणि दिवसातून शंभर वेळा एकच ओरडते, "श्वास घ्या! धरा! हलू नका... सोडा!" ओरडते म्हणजे खरंच ओरडते हो. घरी म्हातारी आई ठार बहिरी. तिच्याशी बोलून बोलून बाईचा आवाज असा झालाय की वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीसुद्धा श्वास धरत असतील. बाजारात ही दिसली की भाजीवाला छाती फुगवून उभा राहतो आणि तसाच विचारतो, "बाई, सोडू का?" ती म्हणते, "मी सांगेपर्यंत धर मेल्या, तेवढीच तुझी जीभ गप्प."

मी भिंतीच्या अलीकडे, खिडकीवर. कागद घ्यायचा, नंबर द्यायचा, बाकावर बसवायचं. ती मला "खिडके" अशीच हाक मारते. नोकरीला लागले तेव्हा पहिले काही दिवस तिकडून "धरा" आलं की माझाही श्वास अडकायचा आणि समोरचा पेशंट घाबरून विचारायचा, "ताई, काय होतंय?" एकोणीस वर्षं झाली त्याला.

आता मुद्द्याचं बोलते. माझ्या धाकट्या भावाच्या छातीचा फोटो श्वासबाईने काढला आणि तो फोटो एकाहत्तर दिवस कोणी उघडून पाहिला नाही. का पाहिला नाही ते जगात दोनच माणसांना धड ठाऊक आहे. एक ती, एक मी. ती मरेपर्यंत बोलणार नाही, तेव्हा मलाच तोंड उघडायला हवं.

श्वासबाईचा एक नियम आहे. पेशंटला काही म्हणजे काही सांगायचं नाही. बाहेर पडताना प्रत्येक जण शर्टाची बटणं लावत विचारतो, "बाई, काय दिसलं हो?" ती म्हणते, "डॉक्टर सांगतील. पुढचा!" चेहरा अगदी दगड. लोक मागे म्हणतात, काय ही बाई, काळीज आहे की नाही. मीही म्हणायचे. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मला सांगितलं. ती चोवीस वर्षांची होती, कामाला नवी. एक मुलगी आली, लग्न ठरलेलं, अंगात बारीक ताप. फोटोत उजव्या बाजूला, गळ्याच्या जरा खाली, पांढुरकी पट्टी दिसली. हिला राहवेना. मुलीच्या आईला बाजूला घेऊन म्हणाली, डाग दिसतोय, लवकर दाखवा. मागे मुलाकडची आत्या उभी होती, ते हिच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि हसले. वेणी होती ती. मुलीची जाड ओली वेणी खांद्यावरून पुढे आलेली, तिची सावली. तोवर लग्न मोडून झालं होतं.

"डॉक्टर हसले गं," श्वासबाई मला म्हणाली. "ती मुलगी पुन्हा कधी हसली की नाही, मला माहीत नाही."

तेव्हापासून तिच्या एप्रनच्या खिशात एक गुलाबी प्लास्टिकचा चिमटा असतो. बाई आत आली रे आली की "वेणी वर!" आणि ही स्वतःच्या हाताने तिचे केस वर बांधते, मग ती शाळेतली पोर असो की सत्तरीची आजी. आणि तोंडाला कुलूप ते कायमचंच.

पण डोळ्यांना कुलूप कसं घालणार? रोज शंभर छात्या बघणाऱ्या बाईला काय दिसत नसेल? डॉक्टरांच्या आधी तिलाच दिसतं. म्हणून तिने एक वाट काढली होती. मला ती फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. पूर्वी फोटो मोठ्या खाकी पाकिटांतून वर जायचे. पाकिटांची चळत, सगळ्यांची तोंडं उजवीकडे. ज्या फोटोत हिला काही वाटायचं त्या पाकिटाचं तोंड ही डावीकडे करायची. बस, एवढंच. आमचे तेव्हाचे मोठे डॉक्टर चळत हातात आली की आधी डावीकडच्या तोंडाची ओढून काढायचे. ते कधी तिच्याशी यावर बोलले नाहीत, ती कधी त्यांच्याशी बोलली नाही. अकरा वर्षं दोघांनी हे असं चालवलं.

आणि मी कशी? मला आडवंतिडवं काही खपत नाही. घरात कोणाची चप्पल वाकडी पडलेली दिसली तरी माझा जीव वरखाली होतो. एके दिवशी धूळ पुसता पुसता मी ती चळत छान सारखी करून ठेवली. मोठे डॉक्टर जिना उतरून खिडकीपाशी आले. आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "पाकिटांना हात लावायचा नाही. पुन्हा कधीच नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि पुढे महिनाभर त्यांच्यावर फुगून होते. का हात लावायचा नाही, हे मी विचारलं का? नाही विचारलं. माझा स्वभावच तो, सरळ करायचं आणि मोकळं व्हायचं.

मग मोठे डॉक्टर निवृत्त झाले, फिल्म बंद झाल्या, कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागोमाग घड्याळवाले साहेब आले. विभागाचं काम वेगाने कसं होईल ते बघायला त्यांना वरून पाठवलं होतं. गळ्यात घड्याळ, हातात पुठ्ठा, तीन आठवडे नुसते उभे. त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही मी. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही दिवसात किती वेळा खुर्चीतून उठता?" त्यांनीच मोजलं होतं. चौसष्ट वेळा, नुसते कागद पलीकडे द्यायला. त्यांनी भिंतीत टपालपेटीसारखी एक फट पाडून घेतली आणि माझे गुडघे वाचले. कपडे बदलायला एका खोलीच्या दोन केल्या, म्हणजे एकाचा फोटो चालू असताना दुसरा तयार. तीन रजिस्टरांचं एक केलं. जमिनीवर पिवळा पट्टा मारला, त्यामुळे "एक्स-रे कुठे हो?" हे विचारणं थांबलं. आधी माणूस माझ्या खिडकीपाशी आल्यापासून बाहेर पडेपर्यंत बावन्न मिनिटं लागायची, ती अकरावर आली. वाकलेल्या म्हाताऱ्या बायका अकरा मिनिटांत मोकळ्या होऊन जाताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. आम्हाला ढाल मिळाली. सगळ्यांत वेगवान विभाग. ती माझ्याच खिडकीच्या वर लावली आहे.

पण साहेबांचं घड्याळ दारापाशी थांबायचं. माणूस बाहेर पडला की संपलं. त्याचा फोटो पुढे कोण बघतो, कधी बघतो, हे त्यांच्या पुठ्ठ्यावर नव्हतंच. आधी आम्ही दिवसाला साठ फोटो काढायचो आणि डॉक्टर साठ बघायचे. आता एकशे तीस काढायला लागलो आणि बघणाऱ्या एकट्या नव्या डॉक्टर मॅडम, त्याही आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या हॉस्पिटलात. नळ मोठा केला आणि मोरी होती तेवढीच ठेवली. वर न पाहिलेल्या फोटोंची यादी वाढत गेली. चारशे, नऊशे, दोन हजार. यादीतला क्रम मोडायचा नाही, ओळखपाळख चालायची नाही, अपघाताचा पेशंट तेवढा अपवाद, असा साहेबांचा कडक नियम. नियम चांगलाच होता हो. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

श्वासबाईची मात्र पंचाईत झाली. कॉम्प्युटरात पाकीट नाही, मग तोंड कशाचं फिरवणार? पंधरा दिवस ती नीट जेवत नव्हती. मला वाटलं, आईचं काही असेल. मग तिने नवी वाट काढली. ज्या फोटोत काही वाटेल तो ती दोनदा पाठवायची. पेशंटला पुन्हा उभं करायचं नाही, पुन्हा किरण नाहीत, तोच फोटो, फक्त बटण दुसऱ्यांदा दाबायचं. म्हणजे वर यादीत एकाखाली एक सारख्या दोन ओळी दिसतील आणि मॅडमची नजर अडेल. हेही तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? "मला रोग दिसतो" असं म्हणणं तिच्या कामात बसत नाही. आणि ती वेणी तर तिच्या मानेवर कायमची बसलेली.

साहेबांच्या हिशोबात मात्र एका पेशंटचे दोन फोटो म्हणजे एक बिघडलेला. महिन्याचा तक्ता मी काढायची. बिघडलेले फोटो चौतीस. मी तो आकडा नेऊन दिला आणि चार दिवसांत श्वासबाईला मेमो आला. कामातील निष्काळजीपणा. सत्तावीस वर्षांत पहिला. कागद हातात घेऊन ती खिडकीपाशी आली.

"आकडा तू दिलास?"

"होता तो दिला. मी काय घरी बसून बनवला?"

"एकदा मला विचारायचं तरी होतंस, खिडके."

"वा! तू फोटो बिघडवायचे आणि मी विचारत फिरायचं?"

तिने कागदाची घडी घातली. "मी फोटो बिघडवते?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून आमचा अबोला. एकोणीस वर्षं एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही दोघी, ती आत जेवायला लागली आणि मी खिडकीत. मी कशाला आधी बोलू? मीही अशी हट्टी की विचारू नका.

पुढच्या महिन्यात आकडा एकेचाळीस झाला. दुसरा मेमो. बाई ऐकायचं नावच घेईना. तेव्हा विभागाच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. ढालीची फेरतपासणी होती. ते म्हणाले, "सकाळी आल्या आल्या यादीतले दुबार फोटो काढून टाकत जा. आकडा शून्य येईल आणि बाईंचे मेमोही थांबतील. त्यांचंही भलं." मला ते पटलं. खरं सांगते, मनातून असंही वाटलं की बघ, तू माझ्याशी बोलत नाहीस तरी मी तुला वाचवतेय. मॅडम अकराला येऊन आदल्या दिवसापर्यंतचे फोटो बघायच्या. मी नऊला यायची, कॉम्प्युटर लावायची, नंबर न वाचताच दुबार ओळींवर खुणा करायची, काढून टाकायची. दोन मिनिटांचं काम. यादीत नावं नसतात, नुसते नंबर. चहा यायच्या आत सगळं लख्ख. मेमो थांबले. श्वासबाईला वाटलं, वरच्यांनी नाद सोडला. ती आपली दोनदा पाठवत राहिली आणि मी रोज सकाळी एक पुसत राहिले.

माझा धाकटा भाऊ भिंती रंगवायचा. रंगारी. हात इतका साफ की छताची आणि भिंतीची रेघ दोरी न लावता ओढायचा. त्याला खोकला झाला तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, रंगाचा आहे. तो स्वतःही म्हणायचा, "ताई, मी आतूनही एक हात मारून घेतलाय." वहिनी मागे लागली म्हणून मीच त्याला घेऊन आले. कागद मीच केला. नंबर बावीसशे सोळा. फटीतून कागद आत टाकला आणि मग भिंतीपलीकडून ऐकलं, "श्वास घ्या! धरा!" नेहमीसारखंच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. अकरा मिनिटांत तो बाहेर आला. "तुमची बाई फारच ओरडते गं," म्हणाला आणि हसला.

ओपीडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रिपोर्ट आला की या, तोवर हे औषध घ्या. मी रोज यादी बघायची. त्याचा नंबर खाली कुठेतरी. पंधरा दिवस झाले, महिना झाला. वहिनी फोन करायची, "ताई, तुम्ही तिथेच आहात ना, जरा बघा ना." मी म्हणायची, "अगं, काही असतं तर आत्तापर्यंत कळलं असतं. उशीर म्हणजे चांगलंच आहे." हे मी कशाच्या जोरावर म्हणत होते देव जाणे. मॅडमच्या दाराशी दोनदा गेले आणि परत आले. ढाल माझ्या डोक्यावर लटकलेली, क्रम मोडायचा नाही असं मीच रोज शंभर लोकांना सांगणारी, मग भावासाठी कुठल्या तोंडाने जाऊ?

त्या दिवसांत एकदा श्वासबाई खिडकीपाशी आली. आपणहून. म्हणाली, "धाकट्याचं काय झालं गं?"

आणि मी काय बोलले असेन? "आमच्या घरचं आम्ही बघून घेऊ."

ती मान हलवून गेली. तिला वाटलं, रिपोर्ट मिळाला असणार, उपचार चालू असणार, ही मला सांगत नाही एवढंच. आज ते वाक्य आठवलं की मला माझी जीभ उपटून टाकावीशी वाटते.

एकाहत्तराव्या दिवशी भाऊ शिडीवर असताना त्याला श्वास पुरेना. सोबतच्या कामगारांनी त्याला उतरवलं आणि रिक्षात घालून आणलं. पँटवर पिवळा रंग अजून ओला होता. ओपीडीच्या डॉक्टरांनी लगेच दुसरा फोटो लिहून दिला. व्हीलचेअर मी ढकलत आत नेली, खिडकी तशीच उघडी टाकून. मागे वहिनी.

श्वासबाईने त्याला बघितलं. त्याला धरून उभं केलं, हनुवटी वर केली आणि काचेमागे गेली.

"श्वास घ्या. धरा."

त्याला धरताच येईना. खोकल्याची उबळ आली आणि फोटो हलला. तिने पुन्हा घेतला. या वेळी ती ओरडली नाही, हळूच म्हणाली, "जेवढा जमेल तेवढाच धर, बाळा." सत्तावीस वर्षांत तिला कोणाला बाळा म्हणताना मी ऐकलं नव्हतं. कॉम्प्युटरवर फोटो उमटला. मला काय कळतंय त्यातलं, पण एक बाजू सगळी पांढरी होती आणि तिचा तो दगडी चेहरा आज दगडी नव्हता.

मी तिला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात ओढलं. अबोला वगैरे गेला खड्ड्यात. "तुला दिसलं होतं का? खरं सांग! पहिल्या फोटोत तुला काही दिसलं होतं का?"

"दिसलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? माझा भाऊ आहे तो!"

"दोनदा पाठवला होता की गं," ती म्हणाली. "मी तो दोनदा पाठवला होता."

मला कळेना. मग तिने सांगितलं, भराभर, पाकिटांचं, डाव्या तोंडाचं, दोन ओळींचं. मोठे डॉक्टर माझ्या खिडकीपाशी उभे असलेले मला दिसत होते. पाकिटांना हात लावायचा नाही. मी म्हणाले, "मी काढून टाकते. रोज सकाळी. दुबार म्हणून मीच काढून टाकते."

ती भिंतीला टेकली. मी खिडकीत धावले आणि काढून टाकलेल्या ओळींची यादी उघडली. बावीसशे सोळा तिथे होता. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी. माझ्या हाताने.

परत आले तेव्हा श्वासबाईने व्हीलचेअरला हात घातला होता. "चल," म्हणाली, "क्रम गेला उडत." आम्ही लिफ्टने वर गेलो, मॅडमच्या अंधाऱ्या खोलीत, न विचारता आत. भाऊ खुर्चीत, वहिनी दाराशी. त्या एका मिनिटात मी मनात एकच घट्ट धरून होते. मॅडम नव्या आहेत. त्यांना दोन ओळींची खूण कुठून माहीत असणार? मी पुसली नसती तरी काय फरक पडणार होता? देवा, एवढं तरी असू दे, असं मी म्हणत होते.

मॅडमनी आजचा फोटो उघडला, शेजारी जुना. दोन्ही मोठे केले. मग जुन्या फोटोतल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तेव्हा गाठ एवढीशी होती. तेव्हा काढून टाकता आली असती." मग त्या श्वासबाईकडे वळल्या. "बाई, हा तुम्ही दोनदा कसा नाही पाठवलात?"

श्वासबाई फोटोकडेच बघत होती.

"मी इथे आले तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या लक्षात आलं," मॅडम म्हणाल्या. "दोनदा आलेल्या फोटोत नेहमी काहीतरी असायचं. मी क्रम बाजूला ठेवून तेच आधी उघडायचे. मग अचानक यायचे बंद झाले. मला वाटलं, तुम्ही कंटाळलात. कोणी बंद केलं ते?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण भाऊ मान वळवून आमच्या दोघींकडे बघत होता आणि आवाज काही केल्या फुटेना.

"मीच बंद केलं," श्वासबाई म्हणाली. "मेमो आले होते. मी घाबरले."

वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की मी ते डोळे विसरणार नाही. भावाने मान फिरवली. आणि मी गप्प बसले.

जिन्यात मी तिला गाठलं. रडत होते मी. "का खोटं बोललीस? आत्ता जाऊन सांगते मी."

"गप्प बस," ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात, अख्ख्या जिन्यात घुमलं. मग एक पायरी वर चढून माझ्याजवळ आली. "त्याला आता रोज तू लागणार आहेस. औषधाला, अंघोळीला, उठवायला, बसवायला. माझ्यावर रुसला तर त्याचं काही अडत नाही. तुझ्यावर रुसला तर कोणाकडे बघेल तो?" एवढं बोलून ती कामावर गेली. बाहेर बाकावर सतरा जण बसले होते.

भाऊ पाच महिने होता. मधे तीनदा फोटो काढायला न्यावं लागलं. आमच्याकडे फोटो काढणारी तीच एक. तो तिच्याकडे न बघता उभा राहायचा, ती सांगेल तसा श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि एक शब्द न बोलता बाहेर यायचा. तीही त्याला "पुढचा" म्हणायची नाही, नुसतं दार उघडून धरायची. एकदा घरी, मी त्याची पाठ पुसत असताना, तो म्हणाला, "ताई, इतरांचे दोनदा पाठवायची, मग माझ्याच वेळी का गं थांबली ती बाई?"

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "मेमो आले होते ना रे तिला."

तो म्हणाला, "हं."

आता मी दुबार फोटो पुसत नाही, मॅडमनी त्यांच्यावरून मेमो द्यायला बंदी घातली आहे आणि मोठ्या साहेबांनी यादीत लाल खुणेची सोय करून घेतली आहे. श्वासबाई ती रीतसर वापरते. ढाल अजून तिथेच आहे. आम्ही पुन्हा एका डब्यात जेवतो. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही. मी विषय काढला की ती उठते आणि हात धुवायला जाते.

वहिनी दर महिन्याला आपल्या साखरेच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात येते. आली की माझ्या खिडकीपाशी थांबते. भिंतीपलीकडून "श्वास घ्या! धरा!" ऐकू आलं की तिचा चेहरा आवळतो. दर वेळी तेच म्हणते, "त्या बाईमुळे गेले ते. तुम्ही कशा हो बसता तिच्याबरोबर जेवायला?"

मी तिचा कागद घेते, नंबर देते आणि म्हणते, "काय करणार, नोकरी आहे."